झाडलेली वाळू

(पारनेर तालुक्यातली माळावरची एक वस्ती. दिवाळी होऊन गेली आहे, ऊन कलतंय. ओसरीत भागिरथी हुलगे पाखडत बसली आहे, शेजारी तिची कॉलेजात शिकणारी लेक भारती. पलीकडच्या वस्तीवरची गोजरबाई चप्पलही न काढता अंगणात उभी आहे.)

गोजरबाई: न्हाई, मला बसायचं न्हाई. मी इचारायला आले. तुज्या लेकीनं माजं पोरगं सिंहाच्या तोंडी दिलं का न्हाई, एवढंच सांग.

भागिरथी: आधी वर तर ये. ऊन हाय.

गोजरबाई: ऊन लागू दे. आठवडा झाला चेतनला येऊन, तवापसनं नुसतं हत्ती असं आन वाळू तशी. आज ताटावर बसला आन हसत हसत म्हनतो, आई, भारतीनं अंगण झाडलं आन मी मरता मरता वाचलो. माज्या हातातला घास हातातच ऱ्हायला.

भारती: काकू, तो खरं बोलला. चूक माझीच होती.

गोजरबाई: बघ. वर तोंड करून सांगती.

भागिरथी: मला तर काय बोलली न्हाई ही. समदं चांगलं झालं, म्हनली.

भारती: चांगलंच झालं, आई. एवढं चांगलं की कुठून सांगायला घ्यावं ते कळत नव्हतं.

गोजरबाई: आन हिला परत जायचंय म्हनं तिकडं आफ्रिकेत. सहा महिनं. माग काढायचं शिकायला. खरं का, भागिरथी?

भागिरथी: खरं हाय. तिच्या कॉलेजातल्या सॅमसन सरांचा फोन यायचाय आज, काय ठरलं इचारायला. हिच्या बापानं हात झटकलं, तुज्या आईला इचार म्हनला. मी कालच सांगितलं, न्हाई म्हंजी न्हाई.

भारती: नाही म्हणालीस, पण का ते सांगितलं नाहीस.

भागिरथी: सांगायचं काय त्यात. गेल्या माघात त्या बाभळीखालनं बिबट्यानं कालवड वढून नेली, मी चार हातांवर हुते. तवापसनं दिवस मावळला की मी दाराला कडी लावते. आन तू म्हनतीस, सिंहांच्या मुलखात जाते.

गोजरबाई: बराबर बोललीस. वाघ म्हनलं तरी खातो, वाघोबा म्हनलं तरी खातो. पर मला एक सांग गं पोरी, अंगण झाडल्यावर सिंह कसा येतो? चेतनला धड सांगताच येईना. मधीच हसतो, मधीच गप बसतो.

भारती: सांगते. पण तुम्ही वर या. उभ्यानं ऐकायची गोष्ट नाही ती.

गोजरबाई: येते. पर च्या घेनार न्हाई. आधीच सांगते.

भारती: नका घेऊ. आमची कॉलेजची पोरं जोहान्सबर्गला विमानातून उतरली, हे तर चेतननं सांगितलं असेल. तिथून पुढं ट्रक. त्याच ट्रकला बाकडी, टपावर तंबू आणि भांडीकुंडी. दक्षिण आफ्रिका, मग बोट्सवाना, मग नामिबिया. रोज संध्याकाळी तंबू ठोकायचे, रोज सकाळी गुंडाळायचे.

गोजरबाई: धनगराचा वाडा चालल्यागत.

भारती: अगदी तसंच. आणि काकू, तो मुलूख. आपला हा माळ घ्या. त्याच्यावरच्या बाभळी काढा, कुसळं काढा, आणि तो इथून पार मुंबईपर्यंत पसरा. तेवढी नुसती वाळू आणि दगड. दिवसभर ट्रक चालला तरी माणूस दिसत नाही. पहिल्या दिवशी सगळी पोरं फोटो काढत होती. तिसऱ्या दिवशी फोन खिशातच राहिले, सगळी नुसती बाहेर बघत बसली.

भागिरथी: मंग जगतं काय तिथं?

भारती: तेच तर. एक झाड आहे तिथं, झाड कसलं, जमिनीलगतचा एक खुंटच. त्याला जन्मभर दोनच पानं. तीच वाढतात, तीच फाटतात, वाऱ्यानं चिंध्या होतात. आणि ते हजार वर्षं जगतं. सर म्हणाले, खर्ड्याचा किल्ला बांधला तेव्हा हे झाड म्हातारं होतं.

गोजरबाई: दोन पानांवर हजार वर्सं?

भारती: समुद्राकडून सकाळी धुकं येतं, त्याच्या ओलीवर. मी त्याच्याशेजारी मांडी घालून बसले. हात लावायचा धीर झाला नाही.

भागिरथी: पाया पडलीस का?

भारती: पडले. कोणी बघत नव्हतं तेव्हा.

गोजरबाई: बरं केलंस. पर सिंहाचं सांग. तू मला झाडांत गुतवू नको.

भारती: पुढं एका कोरड्या नदीच्या काठावर मुक्काम पडला. नदी म्हणजे नावाला, पात्रात नुसती वाळू. आमच्याबरोबर वाट दाखवायला एंजेलाबाई होत्या. पन्नाशीच्या, धिप्पाड, बोलणं मोजकं.

गोजरबाई: एंजेला? सॅमसन सरांच्या नात्यातली का? नगरला माज्या भावजयीच्या वळखीत एक एंजेला हाय, दवाखान्यात नर्स.

भारती: नाही हो काकू, तिथल्याच त्या. जन्म त्याच नदीकाठी गेलेला. त्यांचा नियम एकच. दिशा उजळल्याशिवाय तंबूची चेन उघडायची नाही. तो मी पाळला. उजळलं, मी बाहेर आले. बघते तर तंबूंपुढं पालापाचोळा, चुलीची राख, कोणी टाकलेली फळांची सालं. माझे हात शिवशिवायला लागले. एक वाळकी फांदी पडली होती, ती घेतली आणि सगळं झाडून काढलं. तंबूंपुढचं, चुलीभोवतीचं, ट्रकच्या मागचं. खराट्याच्या रेघा उमटतात ना, तशा रेघा काढल्या वाळूवर.

गोजरबाई: मंग चांगलंच केलंस की. बाईमानसानं उठल्या उठल्या झाडायचं न्हाई तर काय करायचं?

भारती: मलाही तेच वाटलं. एंजेलाबाई आल्या, हातात कॉफीचा मग. त्यांनी खाली बघितलं आणि जागीच थांबल्या. म्हणाल्या, कोणी केलं हे? मी हसत हात वर केला. वाटलं, आता शाबासकी मिळणार.

भागिरथी: रागावली?

भारती: रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खाली उकिडव्या बसल्या. म्हणाल्या, पहाटे सिंहीण आली होती इथं, मी आवाज ऐकला. कुठून आली, कुठं गेली, एकटी होती का पिल्लं बरोबर होती, अजून जवळ बसलीय का लांब गेली, ते सगळं ह्या वाळूवर होतं. मी रोज सकाळी आधी ते वाचते, मग तुम्हाला पाऊल टाकू देते. आज तू ते पुसलंस.

गोजरबाई: आगं आई. भागिरथी, तू सूप का ठिवलंस खाली?

भागिरथी: काय न्हाई. हात दुखला. तू सांग गं.

भारती: सगळ्यांना ट्रकमध्ये चढवलं. मोजलं, तर एक कमी.

गोजरबाई: माजा चेतन.

भारती: चेतन. माझ्याही आधी उठून, पाण्याची बाटली घेऊन गेला होता.

गोजरबाई: त्याला सकाळी दम म्हनून निघत न्हाई. लहानपनापसनं तसाच. पाव्हन्यांच्या घरी बी मला खाली मान घालाया लावतो.

भारती: सर घाबरून हाका मारायला लागले, एंजेलाबाईंनी त्यांना गप्प केलं. कुठल्या बाजूला गेला ते कळायला मार्ग नव्हता, कारण त्याचीही पावलं मीच झाडून टाकली होती. मग बाई माझ्याकडं वळून म्हणाल्या, कुठपर्यंत झाडलंस ते तुलाच ठाऊक. चल.

भागिरथी: तुला नेलं? बंदूक हुती का बाईकडं?

भारती: बंदूक नव्हती. काठी होती हातात.

भागिरथी: आन तू गेलीस.

भारती: गेले, आई. माझ्यामुळं झालं होतं सगळं. मी ट्रकात कशी बसणार? झाडलेल्या जागेच्या कडेकडेनं आम्ही फिरलो. जिथं माझ्या रेघा संपत होत्या, तिथून पावलं सुरू होत होती. नदीच्या अंगाला सापडली. चेतनच्या चपला, त्या तळाला चौकड्या असलेल्या. आणि त्याच ओळीत पंजे. चहाच्या बशीएवढे.

गोजरबाई: त्याच वाटंनं?

भारती: त्याच वाटेनं. बाईंनी मला खाली बसवलं. म्हणाल्या, नीट बघ, वर कोण आणि खाली कोण? मी बघितलं. पंजा खाली होता, त्याच्यावर चपलेची चौकडी उमटलेली. म्हणजे सिंहीण आधी गेली आणि चेतन नंतर.

गोजरबाई: म्हंजी सिंहीन पोराच्या मागं न्हाई, पोरगंच सिंहिनीच्या मागं?

भारती: हो. आणि त्याला पत्ताच नाही.

गोजरबाई: बापावर गेलंय. त्याला बी समोरचं दिसत न्हाई कवाच.

भारती: बाई पुढं, मी मागं. त्यांच्याच पावलांत पाऊल टाकत होते. पण आई, तुझ्याशी खोटं बोलणार नाही. जेवढी भीती वाटत होती, तेवढंच दुसरंही काहीतरी होत होतं. मला वाळू वाचता येत होती. बाई बोटानं दाखवायच्या आणि मला दिसायचं. इथं ती थांबली. इथं बसली, शेपटीची रेघ बघ. इथं तिनं मान वळवून आपल्या तंबूंकडं बघितलं, पुढचे पंजे बघ कसे फिरलेत. ती तिथं नव्हती आणि तरी मला सगळी दिसत होती. एवढं मोठं जनावर, आपल्या अंथरुणापासून हातभर अंतरावरून गेलं, कोणाला काही न करता. मला रडू येईल असं वाटत होतं, आणि ते भीतीचं रडू नव्हतं.

भागिरथी: चेतन कुठं घावला?

भारती: थोडं पुढं गेल्यावर पंजे वळले. काठ चढून वरच्या दगडांत गेले. चपला मात्र सरळ पुढं. तेव्हा कुठं बाईंनी श्वास सोडला. माझ्या डोक्यावर हात ठेवला त्यांनी, आपल्याकडं ठेवतात तसा. नदीचं वळण ओलांडलं, तर चेतन उभा. हातात बाटली, तोंड उघडं. आम्ही मागून आलो तरी वळला नाही. नुसतं बोट केलं पुढं.

गोजरबाई: काय हुतं?

भारती: हत्ती. तीन मोठे आणि एक पिल्लू. वाळूच्याच रंगाचे. आपल्याकडं गावात येतो तसा कपाळावर नक्षी काढलेला, पायात साखळी असलेला नाही हो काकू. मोकळे. त्यांना कोणी आणलं नव्हतं, कोणी नेणार नव्हतं. त्यातली थोरली हत्तीण नदीच्या मधोमध उभी होती आणि पुढच्या पायानं वाळू उकरत होती. उकरायची, सोंडेनं बाजूला टाकायची, परत उकरायची. खड्डा होत होत चांगला गुडघाभर झाला.

भागिरथी: झिरा खांदत हुती?

भारती: झिराच, आई.

गोजरबाई: हत्ती झिरा खांदतो?

भारती: खणतो. वरून नदी ठणठणीत कोरडी, आणि खाली ओल आहे हे तिला ठाऊक. कसं, ते बाईंनाही पुरतं सांगता येत नाही. म्हणतात, वासानं कळतं. म्हणतात, तिच्या आईनं दाखवलेल्या जागा तिला आठवतात.

भागिरथी: पह्यलं गढूळ येतं.

भारती: गढूळच आलं.

भागिरथी: मंग?

भारती: पिल्लू तहानलेलं होतं. पुढं घुसलं. तिनं सोंड आडवी घालून त्याला मागं सारलं. वरचं गढूळ सोंडेत ओढून बाजूला फवारलं आणि उभी राहिली. नुसती उभी. सगळेच उभे. आम्ही तिघं पण. कान हलायचे तेवढेच. आई, मी कुठल्या देवळात अशी उभी राहिले नाही कधी.

भागिरथी: वाटीनं उपसून टाकायचं असतं पह्यलं. दोनदा, तीनदा. मंग नितळ येतं. मी लहान हुते, वड्यात झिरा खांदला हुता आमी. मी वंजळ घातली, तर माज्या आईनं मनगट धरून मला असंच मागं वढलं. लई राग आला हुता तिचा.

गोजरबाई: आमी बी पेलो झिऱ्याचं. पर हंडं घेऊन बाया भांडायच्या नुसत्या. एवढा दम मानसाला न्हाई.

भारती: सगळ्यांचं पिऊन झालं तसे ते निघाले. एवढाले पाय आणि आवाज म्हणून नाही. खड्डा तसाच सोडून गेले, पाण्यानं भरलेला. मग काठावरून हरणं उतरली, पाखरं उतरली. बाई म्हणाल्या, आज ह्या काठची सगळी जनावरं हिच्या झिऱ्यावर पाणी पितील. तेव्हा मी रडले. चेतनही रडला.

गोजरबाई: चेतन? माजा?

भारती: बाहीला डोळे पुसत होता. हे नाही का सांगितलं त्यानं?

गोजरबाई: न्हाई. हसत हुता. मला वाटलं, लाज न्हाई पोराला. मरनाच्या दारातनं आला आन हसतंय. बाई गं. असं काय बघितल्यावर मानूस बोलनार तरी काय. भागिरथी, घोटभर च्या टाक.

भागिरथी: टाकते. थांब जरा.

भारती: त्या दिवसापासून बाई मला रोज संध्याकाळी फांदी द्यायच्या. म्हणायच्या, तुझा हात चांगला आहे, झाड आता. दिवस बुडताना तंबूंभोवतीची वाळू झाडून साफ करायची, म्हणजे सकाळी ताजी पावलं तेवढी दिसतात. मग आम्ही दोघी वाचत बसायचो.

गोजरबाई: दिवेलागनीला झाडायचं? लक्षुमी जाती की घरातनं.

भारती: तिथं सकाळी तिची पावलंही दिसायची, काकू. कोल्हा, साळू, पाखरं. एकदा साप गेलेला, नदीसारखी रेघ ओढून. आणि आई, बाईंनी मला विचारलं, एवढ्या पहाटे उठून झाडायची सवय कुणाची? मी म्हटलं, माझ्या आईची. मग माझ्या मनात आलं, तू आधी अशी झाडत नव्हतीस. आधी धार काढून, शेण भरून, ऊन यायच्या वेळेला झाडायचीस. ह्या वर्षी तू काळोखातच खराटा घेतेस. मी सुट्टीला घरी आले की मलाही उठवतेस, आधी झाड म्हणतेस, मग तोंड धू.

गोजरबाई: खरंच की. पहाटं पहाटं खराटा ऐकू येतो माज्याकडं. मी म्हनते, हिला झोप न्हाई का काय.

भागिरथी: झोप कुठली.

भारती: का गं, आई?

भागिरथी: माग दिसू नये म्हनून.

भारती: म्हणजे?

भागिरथी: कालवड गेली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी सकाळी दार उघडलं. उंबऱ्याच्या बाहेर, ह्या हितं, पंजा. तू आत निजली हुतीस, सुट्टीला आलेली. त्या दिवशी भाकर थापता येईना, फुटायची सारखी. तुज्या बापाला सांगितलं न्हाई. तो म्हनला असता, वस्ती सोड, गावात ऱ्हायला चल. मंग जनावरं कुनी बघायची? मी ठरवलं, बघायचंच न्हाई. उजाडायच्या आधी झाडून टाकायचं. माग न्हाई तर बिबट्या न्हाई.

गोजरबाई: आगं पर मला तरी सांगायचं. तुज्या दारातनं तो माज्याच गोठ्याकडं येत असंल की.

भागिरथी: चुकलं माजं.

गोजरबाई: म्हंजी तुज्या भ्यापायी हिला सवय लागली, आन हिच्या सवयीपायी माजं पोरगं तिकडं सिंहिनीच्या मागं गेलं.

भागिरथी: व्हय. पोरीला बोलू नको. मला बोल.

गोजरबाई: तुला काय बोलू? मी तर ऊन आल्याबिगर दारच उघडत न्हाई. चेतनच्या बापाला सांगते, गुडघं धरल्यात. गुडघं कुठलं धरल्यात.

भारती: काकू, आई, ऐका ना. मला तिकडं जायचंय ते सिंह बघायला नाही. मला हे वाचायला शिकायचंय. नीट, पुरतं. तिथं बाई शिकवायला तयार आहेत, नदीकाठच्या आणखी मुली आहेत शिकणाऱ्या. आणि मग मला ह्या माळावर यायचंय. आपल्याकडं येतो तो नर का मादी, एकटा का पिल्लांची आई, कुठल्या उसातून येतो, कधी येतो, हे मला तुला सांगायचंय. आयुष्यात पहिल्यांदा मला कळलंय मला काय करायचंय. तू नाही म्हणालीस तर मी जाणार नाही. पण मग मी काय करू, ते मला खरंच माहीत नाही.

भागिरथी: कळल्यावर भ्या जातं का?

भारती: नाही. माझी नाही गेली. पण भीत भीत मला चालता येत होतं.

गोजरबाई: भागिरथी, आता तूच बघ. मी भांडायला आलेली, आन हितं च्याची वाट बघत बसले.

भारती: आई, फोन वाजतोय. सरांचाच आहे. काय सांगू?

भागिरथी: घे. आन थांब, आधी मला सांग. त्या पिल्लाला मिळालं का पानी?

भारती: मिळालं. तिनं आधी त्यालाच पाजलं.

भागिरथी: मंग व्हय म्हन त्यांना. मी हितं भ्येत ऱ्हाईन. तू जा.